नवे ग्राफिक्स कार्ड, काळा पडदा आणि पेढीचे हिशेब

सराफी पेढी चालवणाऱ्या कुटुंबांत अलीकडे एक नवा खर्च रुजू लागला आहे. पूर्वी दागिन्याचा नवा घाट हवा असेल तर कारागीर तो कागदावर रेखाटून आणीत असे. आज घरातील मुलगा किंवा सून संगणकावर त्याचे त्रिमितीय आरेखन करते, अंगठी चारही बाजूंनी फिरवून दाखवते आणि गिऱ्हाईक पडद्यावरच खडा बदलून पाहते. कापडाच्या पेढीवर साडीच्या काठाचे नक्षीकाम असेच होते. भांड्यांच्या दुकानातही मालाच्या चित्रफिती तयार होऊ लागल्या आहेत. या कामांना संगणकाची मूळची चित्रशक्ती अपुरी पडते आणि मग पंधरा, वीस, कधी तीस हजारांचे ग्राफिक्स कार्ड घरात येते.

ते बसवले जाते बहुधा रात्री, दुकान वाढवल्यानंतर. बटण दाबले की पंखे फिरतात, दिवे लागतात. पण पडदा काळाच राहतो, किंवा त्यावर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे उमटतात. अर्धा तास खटपट होते. मग ओळखीच्या हार्डवेअरवाल्याला फोन जातो, आणि तो फोनवरच निदान करून मोकळा होतो: ‘शेठ, विंडोज उडाली. फॉरमॅट मारावं लागेल.’

येथे वाचकांनी थांबावे. ग्राफिक्स कार्डाचे काम चित्र काढून ते पडद्याकडे पाठवणे एवढेच आहे. पेढीची कीर्द, खतावणी, येणे-देणे, मालाचा साठा हे सर्व डिस्कवर असते आणि कार्ड बदलल्याने डिस्कवरील एक अक्षरही पुसले जात नाही. पडदा काळा आहे म्हणून फॉरमॅट करा असे सांगणे म्हणजे दुकानातला दिवा गेला म्हणून तिजोरी फोडायला सांगण्यासारखे आहे. शिवाय फॉरमॅटचा खर्च केवळ हार्डवेअरवाल्याच्या मजुरीपुरता नसतो. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. ती संगणकावरच असतील, तर डिस्क पुसणे म्हणजे सहा वर्षांची दप्तरे जाळणेच होय.

म्हणून या वेळच्या सदरात आधी दप्तराची सोय पाहू आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊ.

कार्ड बसवण्याच्या आदल्या दिवशी हिशेबाच्या प्रणालीतून बॅकअप घ्यावा आणि तो त्याच संगणकाच्या दुसऱ्या भागात न ठेवता पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावा. एवढ्यावर समाधान मानू नये. तो बॅकअप दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून, शेवटच्या दिवसाची रोकड शिल्लक जुळते की नाही हे डोळ्यांनी पाहावे. न उघडलेला बॅकअप हा न वटवलेल्या धनादेशासारखा असतो. हाती आहे, पण रक्कम खात्यात जमा व्हायची आहे. दिवसही विचारपूर्वक निवडावा. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी भरणाऱ्यांनी या तारखांच्या आधीचे चार दिवस कॅबिनेट उघडूच नये. महिन्याचा शेवटचा आठवडा त्यातल्या त्यात बरा.

तिसरी गोष्ट ‘बिटलॉकर’ची. तिच्याविषयी फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. विंडोजमध्ये संपूर्ण डिस्क कुलूपबंद करण्याची सोय आहे. त्या कुलपाची किल्ली संगणक स्वतःच सांभाळतो, त्यामुळे रोजच्या वापरात ते असल्याचे जाणवतही नाही. विंडोज ११ ची २०२४ मधील आवृत्ती नव्याने बसवली आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, तर पुष्कळ संगणकांवर हे कुलूप न विचारता आपोआप लागते. नवे कार्ड बसवताना बायॉसमधील काही मांडणी बदलावी लागली, तर विंडोजला संशय येतो आणि पुढल्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती नसेल तर डिस्कवरील काहीही उघडत नाही; निष्णात माणसालाही नाही.

ही किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा प्रवेश केला त्या खात्यात जमा असते. आता आठवून पाहावे, आपला संगणक पहिल्यांदा कोणी सुरू करून दिला? अनेक पेढ्यांवर ते काम दुकानाच्या माणसाने, भाच्याने किंवा पूर्वीच्या मुनिमाने आपल्या ई-मेलवरून उरकलेले असते. म्हणजे आपल्या तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे, आणि त्यालाही ते ठाऊक नाही. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ शोधावे. ते चालू असेल तर ४८ अंक कागदावर उतरवून पेढीच्या कागदपत्रांत ठेवावेत आणि कार्ड बसवण्यापुरते ते कुलूप स्थगित करावे. केवळ गृहवापराची विंडोज असेल आणि स्थगितीचा पर्याय दिसत नसेल, तर एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबावे. मोठ्या डिस्कला काही तास लागू शकतात.

इतके झाले की निम्मी भीती गेली. आता पडदा काळा राहिला तरी हिशेब जागेवर आहेत हे आपल्याला ठाऊक आहे आणि शांतपणे शोध घेता येतो.

शोध घेण्यासाठी संगणक कोणत्या क्रमाने जागा होतो हे समजले पाहिजे. बटण दाबल्यावर प्रथम एसएमपीएस वीज देतो. मग मदरबोर्डवरील बायॉस प्रोसेसर तपासतो, त्यानंतर रॅम, त्यानंतर ग्राफिक्स कार्ड. येथवर सर्व ठीक असेल तर कंपनीचे चिन्ह पडद्यावर येते. त्यानंतर बायॉस डिस्क शोधतो आणि सर्वांत शेवटी विंडोज उठते. तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा की गाडी कोठे अडली? चिन्हही दिसले नाही, चिन्ह दिसले पण डिस्क सापडेना, की विंडोज सुरू होताना पडदा गेला? या तीन अडचणींचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि पहिलीचा उपाय तिसरीला करण्यात लोकांच्या रात्री वाया जातात.

अलीकडच्या पुष्कळ मदरबोर्डांवर कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात. त्यांच्याजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे छापलेले असते. जो दिवा लागून राहील तेथे गाडी अडली. जुन्या बोर्डांवर हेच काम शिट्टी करते. एक लांब आणि त्यामागून दोन किंवा तीन आखूड शिट्ट्या ऐकू आल्या, तर अनेक बोर्डांच्या भाषेत त्याचा अर्थ कार्ड सापडत नाही असा होतो. नेमका अर्थ बोर्डाच्या पुस्तिकेत पाहावा. मात्र शिट्टीसाठी बोर्डावर छोटा स्पीकर जोडलेला असावा लागतो, आणि तो हल्ली बहुतेक ठिकाणी जोडलेलाच नसतो.

चिन्हही दिसले नाही, तर सर्वांत आधी पाठीमागची केबल पाहावी. संगणकाला आता चित्र बाहेर येण्याची दोन ठिकाणे झाली आहेत: एक मदरबोर्डवरचे जुने, दुसरे खाली आडव्या पट्टीतले कार्डाचे नवे. सवयीने केबल जुन्या जागी लावली जाते. नवे कार्ड बसले की बायॉस बहुधा जुना मार्ग बंद करतो आणि पडदा रिकामा राहतो. हा दोष इतका साधा आहे की तो सांगताना हार्डवेअरवालेही संकोचतात, पण सर्वाधिक आढळतो तो हाच. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडले आहे की नाही हेही याच वेळी पाहावे.

पेढीवरचा मॉनिटर जुना, निळ्या पिनांच्या व्हीजीए केबलचा असेल तर वेगळी अडचण आहे. २०१६ नंतरच्या बहुतेक कार्डांतून त्या जुन्या पद्धतीचा संकेत बाहेरच पडत नाही. बाजारातील साधी जोडपिन लावून काम भागत नाही; एचडीएमआयचे व्हीजीएत रूपांतर करणारा, आत छोटा परिपथ असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो. पण पस्तीस हजारांचे आरेखन दहा वर्षांच्या मॉनिटरवर पाहायचे असेल तर कार्ड घेतलेच कशाला, हा प्रश्न मुलाला जरूर विचारावा.

केबल बरोबर असेल तर वीज. या विषयावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हा हिशेबाचा विषय आहे आणि वाचक हिशेबात माझ्याहून पक्के आहेत.

कार्ड ज्या लांब खाचेत बसते त्या खाचेतून त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक हवी असेल तर एसएमपीएसमधून वेगळी तार जोडावी लागते: सहा पिनांची तार ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. जीटीएक्स १६५० हे कार्ड ७५ वॅटमध्ये भागवते, त्यामुळे त्याच्या अनेक प्रतींना वेगळी तार लागतच नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरटीएक्स ३०६० ला १७०, आणि या दोन्हींसाठी कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. कार्यालयासाठी तयार मिळणाऱ्या लहान आकाराच्या संगणकांत मात्र १८० ते ३०० वॅटचाच एसएमपीएस असतो. त्यात कार्डाची तार नसते आणि पुष्कळदा बाहेरचा एसएमपीएस त्या खोक्यात बसतही नाही. अशा संगणकात ३०६० घालणे म्हणजे छोट्या टेम्पोत ट्रकचा माल भरणे. त्यांच्यासाठी वेगळी तार न लागणारी कार्डे आहेत; आरटीएक्स ३०५० ची सहा जीबीची आवृत्ती ७० वॅटमध्ये चालते. पण कार्डाची लांबी-रुंदी मोजूनच घ्यावे, कारण लहान खोक्यांना आखूड पट्टीचे कार्ड लागते.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. त्याच्या बाजूला एक कोष्टक असते. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यातील अँपिअरला १२ ने गुणावे. समजा वर ४५० वॅट लिहिले आहे आणि १२ व्होल्टला १८ अँपिअर आहेत. गुणाकार येतो २१६. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही याच १२ व्होल्टवर जगतात, म्हणजे आपल्या उपयोगाचे २१६ वॅटच आहेत. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणाऱ्या स्वस्त एसएमपीएसमध्ये हा प्रकार पदोपदी दिसतो. काटा मारण्याची ही नवी रीत म्हणावी.

तार कमी पडते म्हणून दुकानदार एक जोडतार देतो: एका टोकाला डिस्कची सपाट साटा पिन, दुसऱ्या टोकाला कार्डाच्या आठ पिना. ही कदापि वापरू नये. साटा पिनेच्या १२ व्होल्टच्या तीन संपर्कांतून प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट जाऊ शकतात. कार्ड मात्र आठ पिनांकडून १५० मागू शकते. उरलेल्याचे काय होते, ते प्लास्टिक वितळल्याच्या वासावरून कळते. प्रोसेसरची आठ पिनांची तार कार्डाच्या तारेसारखीच दिसते, तीही येथे लावू नये. दोहोंतील धन आणि ऋण उलट बाजूंना असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रोसेसरची तार चार-चारांत दुभंगते, कार्डाची सहा आणि दोनांत. एका कंपनीच्या एसएमपीएसच्या सुट्या तारा दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावणेही तितकेच घातक आहे. भोक जुळते, आतली मांडणी जुळत नाही.

महागड्या नव्या कार्डांना सोळा बारीक पिनांचा जोड असतो. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० या कार्डांचे असे जोड वितळल्याची प्रकरणे जगभर गाजली. जोड पूर्ण आत न बसणे हे त्यामागचे मुख्य कारण असल्याचे कंपनीने सांगितले. लोकांचे सर्व आक्षेप त्याने मिटले नाहीत. पण जोड शेवटपर्यंत दाबून फट उरली नाही ना हे पाहण्याला पैसे पडत नाहीत.

वीज अपुरी असल्याचे आणखी एक लक्षण आहे. संगणक व्यवस्थित सुरू होतो, हिशेब लिहिता येतात, आणि आरेखनाचे अंतिम चित्र काढायला घेतले की एकदम बंद पडतो. कारण कार्ड रिकामे असताना फारच थोडी वीज घेते. काम लागले की मागणी उसळते. असे होऊ लागले तर दोष एसएमपीएसचा, किंवा यूपीएसचा. दुकानात सर्रास आढळणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच पेलतो. त्यावर संगणक, मॉनिटर, राउटर आणि बिलाचा प्रिंटर एवढे सगळे लटकलेले असते. वीज गेली की आता तो पूर्वीसारखा दहा मिनिटे साथ देणार नाही. शिट्टी वाजवून तत्क्षणी मान टाकेल, आणि नेमकी त्याच वेळी नोंद चालू असेल तर हिशेबाची फाइल खराब होऊ शकते. कार्डाच्या किमतीत मोठ्या यूपीएसची किंमत धरूनच खर्चाचा अंदाज करावा.

वीजही पुरेशी असेल तर बसणी पाहावी. तार काढून, बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, एसएमपीएसच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, आणि कार्ड काढून पुन्हा सरळ दाबावे. खाचेच्या टोकाची कळ ‘टक्’ करून बंद झाली पाहिजे. जड कार्डे स्क्रू आवळताना एका टोकाला उचलली जातात. कार्ड बसवताना हात लागून रॅमची पट्टी सैल होणे किंवा डिस्कची केबल निघणे हेही नेहमीचेच. रॅम दोन्ही टोकांनी दाबून पाहावी.

एवढे करूनही काळोख असेल, तर कार्ड काढून संगणक जुन्या स्थितीत सुरू करावा. मदरबोर्डवरून चित्र आले, म्हणजे संगणक शाबूत आहे हे सिद्ध झाले. काही प्रोसेसरांत मात्र स्वतःची चित्रशक्तीच नसते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअंती एफ असते ते, आणि एएमडीच्या रायझन ५००० पर्यंतच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या नावात जी नसते त्यांतील बहुतेक. त्यांना कार्डाशिवाय पडदा दिसणारच नाही, म्हणून तेथे जुने कार्ड लावून पाहावे. हे जुने कार्ड नवे चालू झाल्यावर लगेच विकू नये, हे ओघाने आले.

आता दुसरा प्रकार: चिन्ह दिसले, पण ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश आला. याच ठिकाणी ‘डिस्क गेली’ हे निदान हमखास होते, आणि बहुतेकदा ते चूक असते.

खरे कारण असे. नव्या कार्डांचा वेग वाढावा म्हणून ‘रिसायझेबल बार’ नावाची सोय बायॉसमध्ये चालू करायला सांगतात. इंटेलच्या आर्क कार्डांना तर तिची फारच गरज असते. ती चालू करताना ‘सीएसएम’ नावाची जुनी पद्धत बंद करावी लागते. जुन्या संगणकांवरील विंडोज पुष्कळदा या जुन्या पद्धतीनेच, एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर बसवलेली असते. सीएसएम बंद झाले की बायॉसला त्या डिस्कवरून विंडोज उठवता येत नाही. डिस्क जिवंत असते, सारा मजकूर जागच्या जागी असतो. केवळ बायॉस तिची लिपी वाचायची विसरलेला असतो. सीएसएम पुन्हा चालू केले की विंडोज पूर्ववत उठते. म्हणून कार्ड बसवण्यापूर्वी बायॉसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे असा माझा आग्रह असतो. पूर्वस्थितीला परतायला त्याच्याइतकी खात्रीची वाट नाही.

ती सोय हवीच असेल, तर डिस्कची मांडणी न पुसता बदलण्याचे एमबीआर-टू-जीपीटी हे साधन २०१७ पासून विंडोज १० मध्येच दिलेले आहे. ते जाणत्या माणसाकडून, बॅकअप हाताशी ठेवून वापरून घ्यावे. त्याने फॉरमॅटच सुचवले, तर या साधनाचे नाव आपण घ्यावे. बोलण्याचा सूर बहुधा बदलतो.

बायॉसची मांडणी पार बिघडली आणि काही सुचेना, तर ती मुळावर आणता येते. वीजतार काढून मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा चपटा सेल पाच मिनिटे काढून ठेवावा. दोन गोष्टींची जाणीव असू द्यावी. डीडीआर५ रॅमचे नवे संगणक यानंतर पहिल्या वेळी काही मिनिटे काळेच राहतात, कारण रॅमची जुळवणी नव्याने चालते. घाईने बटण दाबू नये. आणि बिटलॉकर स्थगित केले नसेल, तर ४८ अंकांची मागणी येण्याची शक्यता येथे सर्वाधिक असते.

कधी कधी दोष खरोखरच कार्डाच्या आतल्या प्रणालीत असतो, आणि तोही दुरुस्त होण्याजोगा. २०१८ मध्ये एन्व्हिडियाने आपल्या जुन्या कार्डांसाठी एक दुरुस्ती दिली, कारण नव्या डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरवर विंडोज उठेपर्यंत काहीच दिसत नसे. आरटीएक्स ४०६० च्या मालिकेसाठी २०२३ मध्ये आणि ५०६० च्या मालिकेसाठी २०२५ मध्येही सुरुवातीच्या काळ्या पडद्यावरच्या दुरुस्त्या आल्या. म्हणून चिन्ह दिसत नाही पण काही वेळाने विंडोज मात्र दिसते, असा प्रकार असेल तर कार्ड बदलण्याआधी मदरबोर्डच्या आणि कार्डाच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर अशी दुरुस्ती आहे का ते पाहावे. ती बसवताना वीज जाता कामा नये. भारनियमनाच्या गावी हे काम यूपीएसवाचून करू नये.

तिसरा प्रकार सर्वांत निरुपद्रवी. चिन्ह दिसते, गोल चक्र फिरते, आणि विंडोज येता येता पडदा जातो. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर आणि नवे कार्ड यांचे जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबून पाहावीत. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने भागले नाही तर सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर काढावा आणि नवा बसवावा. तोवर चित्र मोठे आणि बोजड दिसेल, ते स्वाभाविक आहे. हा त्रासच टाळायचा असेल तर कार्ड बदलण्यापूर्वी जुना ड्रायव्हर काढून, शिफ्ट दाबून धरून संगणक बंद करावा. नेहमीच्या बंद करण्याने विंडोज पूर्ण झोपत नाही. आधीची काही स्थिती स्मरणात ठेवते आणि उठल्यावर तीच समोर करते.

जुन्या कार्डांविषयी थोडे. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, वापरलेली कार्डे निम्म्या किमतीत मिळतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवर चालणारे ‘खाणकाम’ बंद केले आणि वर्षानुवर्षे अहोरात्र राबलेली कार्डे जगभरच्या बाजारांत उतरली. त्यांतील आरएक्स ५७० आणि ५८० या जातीच्या अनेक कार्डांची आतली प्रणाली खाणकामासाठी बदललेली असते. अशी कार्डे संगणकात घातल्यावर पडदा काळा राहण्याचे हेही एक कारण असते. काहींच्या कडेला बारीक कळ असते. ती दुसऱ्या बाजूला सरकवल्यावर मूळ प्रणाली परत मिळू शकते. पेढीच्या कामासाठी मी असे कार्ड घेऊ देणार नाही. बिल नाही, त्यामुळे कराचा परतावा नाही, हमी नाही, आणि ज्या वस्तूने आधीच्या मालकाकडे किती तास काम केले ते कळत नाही तिचा भाव ठरवायचा कसा?

नवे घेताना पेढीच्या जीएसटी क्रमांकाचे बिल घ्यावे आणि बिलावर कार्डाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. दुकानदाराला दोन प्रश्न पैसे देण्यापूर्वीच विचारावेत: माझ्या संगणकात हे चालले नाही तर किती दिवसांत परत घ्याल, आणि दुसऱ्या संगणकावर लावून दाखवाल का? काळ्या पडद्याचा अखेरचा निवाडा याच परीक्षेने होतो. पुरेशा एसएमपीएसच्या दुसऱ्या संगणकावरही कार्ड दिसले नाही, तर दोष कार्डाचा. तेथे चालले, तर तो आपल्या खोक्यात आहे आणि कार्ड परत करून काही साधणार नाही. ही तपासणी परतीची मुदत संपण्यापूर्वी करावी. खोके आणि आतील वेष्टन तोवर टाकू नये.

घरात जागा आणि ऐपत असेल तर माझे मत याहून सोपे आहे. हिशेबाच्या संगणकाला कार्ड लावूच नये. त्याला ना त्याची गरज, ना त्या उष्णतेची. आरेखनासाठी वेगळा संगणक घ्यावा. तो आठ दिवस बंद पडला तर एखादा दागिना उशिरा होईल. गिऱ्हाइकाला तसे सांगता येते. २० तारखेला विवरणपत्र का भरले नाही, याचे कारण मात्र करखात्याच्या संकेतस्थळाला सांगता येत नाही, आणि विलंबशुल्क तर दुसऱ्या दिवसापासूनच मोजले जाते.